ठाणेदार पळाला असेल

मोठा कुत्रा आणि बिबट यांची झुंज लागली तर जिंकेल कोण, हा प्रश्न तुमच्याकडे कोणाला पडतो की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या सौंसरकडे तो दर हिवाळ्यात निघतो. संत्र्याच्या बगिच्यात ओलिताला, म्हणजे पाणी द्यायला, माणसं जायला लागली, की कोणाला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पंजा उमटलेला दिसतो, कोणाची कालवड जाते, आणि बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर वाद पेटतो. या वादात एका बाजूला सगळी टपरी आणि दुसऱ्या बाजूला एकटे कवडू मामाजी, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती.

कवडू मामाजी माझे सख्खे सासरे नव्हेत. त्यांचा लहानसा बगिचा आमच्या बगिच्याला लागून आहे, मधे एक धुरा. त्या धुऱ्याच्या नात्यानं ते माझ्या सासऱ्यांचे भाऊ, आणि आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून ते मामाजी. अंगानं वाळलेल्या चिंचेसारखे, आवाज बारीक, चालणं मात्र भरभर. ते आणि त्यांच्या घरच्या, म्हणजे कलाबाई मामीजी, गावात न राहता बगिच्यातच दोन खोल्या बांधून राहतात. एक मुलगी, दामिनी, ती मुलताईकडे दिलेली. घराच्या मागे टेकडी आणि टेकडीपासून जंगल सुरू. म्हणजे बिबट खाली उतरला की पहिली सलामी मामाजींच्या वावरात.

आणि तिथं ठाणेदार बसलेला असायचा.

ठाणेदार हा त्यांचा कुत्रा. कापूस, तूर निघाली की आमच्याकडे उंट-मेंढ्या घेऊन रबारी येतात. खत मिळावं म्हणून लोक त्यांच्या मेंढ्या आपल्या वावरात बसवतात. अशाच एका तांड्यातून मामाजींनी हे पिल्लू मागून आणलं होतं. पंजे एवढे मोठे की ते स्वतःच त्यांना अडखळून पडायचं. वर्षभरात ते वासराएवढं झालं. रंग मळक्या गोणपाटाचा, एक कान उभा, एक पडलेला, आणि बसण्याची ऐट अशी की कलाबाई म्हणाल्या, हा काही कुत्रा नाही, हा ठाणेदार आहे, याच्यासमोर आता आपणच उभं राहायचं. तेच नाव पडलं. रबाऱ्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असतो तसा बाहेर खिळे निघालेला चामड्याचा जाड पट्टा मामाजींनी त्याला करून घेतला. बिबट धरतो तो गळाच धरतो. तोंडात खिळे गेले की सोडतो. एवढं साधं त्यामागचं गणित.

टपरीवर मामाजींच्या विरुद्ध बाजूचा वकील म्हणजे आमचा कुलदीप, माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा. त्याचं बसस्टँडवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं नागपूरहून एक रॉटवायलर आणला होता, काळाभोर, दिसायला यमदूत. तो उन्हाळाभर कूलरसमोर झोपायचा आणि फटाके वाजले की पलंगाखाली जायचा. त्यामुळे कुत्र्याच्या पराक्रमाबद्दल कुलदीपच्या मनात फारसा भ्रम उरलेला नव्हता. मोबाइलवर तो जगभरचे व्हिडिओ दाखवायचा. कुठल्या देशात लांडग्यांशी लढणारे कुत्रे आहेत, कोणाच्या जबड्यात किती जोर, वाघासमोर तर कोणीच कसं टिकत नाही. वाघाबद्दल मामाजींचंही काही म्हणणं नव्हतं. वाघ आला की आपण हात जोडायचे, असं ते मान्य करायचे. वाद फक्त बिबटाचा.

"आबाजी, कुत्र्याजवळ एक तोंड हाय," कुलदीप म्हणायचा. "बिबटाजवळ तोंड हाय अन् चार पंजे हायत. हिशेब लावा न तुमीच."

"अन् बिबटाच्या मांगं कोन हाय?" मामाजी विचारायचे. "कोनी नाई. कुत्र्याच्या मांगं मी हाय."

मग ते आपली बाजू मांडायचे, शांतपणे, जणू शाळेत शिकवतायत. बिबटाला दवाखाना नाही. पाय दुखावला की शिकार बंद, शिकार बंद की उपास. म्हणून तो जपून लढतो, महाग पडतंय असं वाटलं की निघून जातो. कुत्र्याला जपून लढता येतच नाही. शिवाय कुत्र्याला जिंकायचंही नसतं, माणूस काठी घेऊन येईपर्यंत नुसता गोंधळ घालायचा असतो. एवढं झालं की ते ठाणेदाराची गोष्ट सांगायचे. एकदा भर दुपारी बिबट धुऱ्यानं खाली आला आणि ठाणेदार वाटेत उभा राहिला. भुंकला नाही, हलला नाही. बिबटानं पाहिलं आणि तो आल्या वाटेनं परत गेला. पहिल्या वर्षी ही गोष्ट ऐकली तेव्हा दोघांच्या मधे नाला होता. पुढच्या वर्षी नाला गेला, संत्र्याची दोन झाडं उरली. नंतर नंतर तर त्यांची नाकं एकमेकांना लागायची बाकी होती.

"पोट भरलं असंन त्याचं," कुलदीप म्हणायचा.

"तुह्या कुत्र्याचं बी भरलंच असते, तो काऊन पलंगाखाली जाते बे?"

टपरी हसायची, आणि त्या दिवसापुरते मामाजी जिंकायचे. मला स्वतःला कुलदीपचं बरोबर वाटायचं. बिबट समोरून येऊन कुस्ती थोडीच खेळतो. तो मागून येतो, आणि कुत्र्याला कळायच्या आत सगळं झालेलं असतं. पण हे मी कधी बोलले नाही. संध्याकाळी ओलिताची पाळी बदलताना धुऱ्यावरून मामाजी चालत आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याला लागून ठाणेदार. ते खालच्या आवाजात त्याला दिवसभराच्या गोष्टी सांगत. तो मधूनच मान वर करून पाही. हे बघितल्यावर कोण कोणाला हरवेल हा प्रश्नच मला फुकटचा वाटायचा.

कलाबाई मामीजींचं मात्र तोंड चालू असायचं. पहिली भाकर कुत्र्याला, दुसरी नवऱ्याला आणि तव्यावर उरेल ती आपल्याला, असा या घरचा कायदा आहे, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मी एकदा आठवडाभर माहेरी राहिले तर यांनी फोन केला नाही, आणि कुत्र्याला ताप आला तर रात्रभर जागले, असंही सांगायच्या. मामाजी ऐकून घ्यायचे. पण पहिली भाकर मामीजीच थापायच्या, आणि ती इतरांपेक्षा जाड असायची.

आता पोळ्याचं सांगते.

मामाजींची बैलजोडी विकून झाली होती. गुडघे चालेनात, नांगरणी ट्रॅक्टरनं व्हायला लागली, दोन बैल नुसते बांधून कसे पोसायचे? जोडी गेली, पण पोळा आला की त्यांना कुठं बघावं ते कळेना. ज्याच्या कोठ्यात बैल नाही त्याला पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे फार ओशाळं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, आणि आज आवतण घ्या, उद्या जेवाले या, असं त्यांच्या कानात सांगतात. त्या दिवसापासून बैलाच्या मानेवर काही ठेवायचं नाही. पोळा होतो, दुसऱ्या दिवशी कर होते, आणि कर उलटल्यावरच जू.

पांढुर्णा जिल्हा झाला त्या वर्षीची ही गोष्ट. मामाजींनी त्या पोळ्याला ठाणेदाराची खांद शेकली.

पट्ट्याखाली त्याच्या मानेचे केस झडले होते आणि कातडी बैलाच्या खांद्यासारखीच राठ झाली होती. ती मामाजींच्या नजरेला पडली, आणि त्यांना वाटलं, कामाचं जनावर ते कामाचं जनावर, त्याला चार पाय आहेत आणि मानेवर ओझं आहे, मग त्याचा पोळा का नको? त्यांनी पट्टा काढून खुंटीला लावला, तूप-हळद चोळली, कानात आवतण दिलं. मामीजींनी त्यांना हटकलं.

"तो बैल हाय काय? पट्टा घाला त्याले."

"वर्षातून दोन दिस त्याची बी मान मोकळी राहू दे वं," मामाजी म्हणाले.

पोळ्याच्या दुपारी मी पुरणपोळीचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा ठाणेदार अंगणात बसला होता. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि माळेखाली पिवळी झालेली मान. सवय नसल्यानं तो राहून राहून मान झटकत होता, इतकं हलकं वाटणं त्याला समजत नसल्यासारखा. मामाजींनी त्याला आख्खी पुरणपोळी भरवली. तेवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर दामिनीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मीही हसले, मीही ठाणेदाराच्या डोक्यावर हात ठेवला. त्या मोकळ्या गळ्याचं भय माझ्याही मनात आलं नाही. सणच होता तो.

दुसऱ्या दिवशी कर. पांढुर्ण्याला गोटमार असते, दोन गावांमधली दगडफेकीची जत्रा, आमच्याकडची सगळी तरणी पोरं बस भरभरून तिकडं गेलेली. सकाळीच मामीजींचा फोन आला, ठाणेदार दिसत नाही म्हणून.

हे आणि मी गेलो. रात्री पाऊस चांगला झाला होता. धुरे, नाला, टेकडीची पायवाट, सगळं धुऊन निघालेलं. आम्ही संत्र्याच्या ओळी न् ओळी वाकून पाहिल्या. मामाजी पुढे, हाका मारत. रक्त नाही, केस नाही, फरफट नाही, मोडलेली फांदी नाही. झेंडूचं एखादं फूलही कुठं पडलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आम्ही टेकडीच्या पलीकडच्या नाल्यापर्यंत जाऊन आलो. काहीतरी सापडलं असतं तर मामाजी रडले असते, दगड रचून मोकळे झाले असते. काहीच सापडलं नाही, त्यामुळे त्यांचं सगळं मधेच थांबलं.

सुरुवातीला त्यांनी स्वतःच निकाल लावला होता. ठाणेदार बिबटाच्या मागं गेला आहे. हाकलत हाकलत लांब नेलं असेल, परत यायला वेळ लागतोच. टपरीवर हे ते जोरात सांगायचे आणि कोणी उलटून बोलायचं नाही. ठाणेदारानं त्याला फाडलंच असेल, असंही म्हणायचे. मग हळूहळू ते टपरीवर यायचेच कमी झाले. आले तर चहा पिऊन उठायचे. एकदा कुलदीपनं त्यांना बोलतं करावं म्हणून मुद्दाम मोबाइलवर कुठल्याशा कुत्र्याचा आणि बिबटाचा व्हिडिओ लावला. मामाजींनी पाहिला नाही. कुलदीपनं फोन खिशात घातला.

आंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा आला तेव्हा मी मजुरांचं चहापाणी घेऊन बगिच्यात असायची. दुपारी मामाजी झाडाखाली जेवायला बसत. भाकरीचा पहिला तुकडा मोडत आणि डाव्या बाजूला खाली धरत. हात तिथं थोडा वेळ थांबे. मग तो तुकडा ते स्वतःच्याच तोंडात घालत आणि बराच वेळ चावत राहत. संध्याकाळी लांबून कुठून भुंकणं आलं की ओलिताचं फावडं हातात तसंच धरून उभे राहत. हा लोहारपुऱ्यातला, ही ढाब्यावरची कुत्री, हा नवा कोण, अशी ओळख पटवून झाली की पुन्हा पाण्याला लागत. घरात मामीजी पहिली भाकर अजून जाडच थापत होत्या. सकाळी ती गाईला जात असे.

पट्ट्याचा विषय मामाजींनी माझ्याजवळ एकदाच काढला. पाण्याची पाळी लावून धुऱ्यावर बसले होते. म्हणाले, "सूनबाई, मान मोकळी केली म्या त्याची." एवढं म्हणून ते उठून गेले.

माघात बिबटानं पुन्हा एकाचं वासरू नेलं. मग आणखी एकाचं. वनखात्यानं नाल्याजवळ पिंजरा लावला, आत बकरीसाठी वेगळा कप्पा. एका सकाळी बिबट त्यात सापडला आणि ही बातमी चहा उकळायच्या आत सौंसरभर झाली. मी केर काढत होते. दारात मामाजी उभे. धुतलेला सदरा, टोपी, जणू कोणाकडे मुलगी पाहायला निघालेत. बगिचा सोडून ते आमच्या गावातल्या घरी सणावारालाच येत.

त्यांना बिबट जवळून पाहायचा होता. गर्दीत त्यांना कोणी पुढं जाऊ देणार नाही, म्हणून मी आणि कुलदीपनं सोबत चालावं, एवढंच मागणं. मी विचारलं, पाहून काय करणार? त्यांनी इकडं तिकडं पाहिलं.

"त्याच्या आंगावर ठाणेदाराचे दात असतीन," ते म्हणाले. "कानावर नाई त पायावर. ठाणेदार असातसा जानार नाई. पाहिलं का समजते."

काय समजते, हे मी विचारलं नाही. दात उमटलेले असतील तर दोघांची गाठ पडली होती, आणि गाठ पडली असेल तर ठाणेदार परत का आला नाही याचं उत्तर एकच होतं. मामाजींनाही ते ठाऊक असणार. तरी पाहायला निघाले होते.

कुलदीपनं गाडी काढली. नाल्याजवळ जत्रा भरलेली. पिंजऱ्यावर ताडपत्री टाकलेली होती आणि आतून असा आवाज येत होता, की पुढची माणसं पुढं असूनही मागंच सरकत होती. बंदोबस्ताला हिरामण नाकेदार होते, लोधीखेड्याचे, आमच्या ह्यांच्या ओळखीचे. जंगलाच्या शिपायाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. त्यांना मी कानाशी जाऊन सगळं सांगितलं. ते मामाजींकडे पाहत राहिले. मग त्यांनी लोकांना मागं ढकललं, ताडपत्रीची एक बाजू उचलली आणि म्हणाले, "या काकाजी. हात गजाले लावू नका."

मी बिबट इतक्या जवळून कधीच पाहिला नव्हता. वास आधी येतो, ओल्या राखेसारखा, तिखट. मग डोळे दिसतात. तो कोपऱ्यात चिकटून बसला होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याचं अंग भात्यासारखं वरखाली होत होतं. किती देखणा होता. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जणू आत्ताच कोणी बोटानं ठेवलेत. मामाजी उकिडवे बसले. कुलदीपच्या मोबाइलची बॅटरी लावून घेतली. कान पाहिले, दोन्ही आख्खे. गळा पाहिला. पुढचे पाय, खांदे. मग पलीकडून जाऊन दुसरी बाजू. बिबट गुरगुरून फिरला तेव्हा सगळी गर्दी एक पाऊल मागं गेली, मामाजी तेवढे बसून राहिले.

"नाकावर हाय न काहीतरी," ते म्हणाले.

"ते आजचं," हिरामण नाकेदार म्हणाले. "गजावर घासलं सकाळी."

"दुसरं कुठी?"

"कुठीच नाई, काकाजी. एकदम साफ हाय."

मागून कोणीतरी बोललं, "आबाजी, तुमच्या ठाणेदारानं त याच्यावर एक रपट बी नाई लिहिली." लोक हसले. मला मामाजींकडे पाहवेना. इतकी वर्षं टपरीवर भांडले, त्या सगळ्याचा निकाल इथं सगळ्यांसमोर लागला होता.

मामाजी उठले, गुडघ्यावर हात ठेवून, हळू. आणि हसत होते. तोंडभर, दात दिसतील असे. पोळ्यानंतर पहिल्यांदा.

"भेला असंन तो," ते मला म्हणाले. "पळाला असंन सूनबाई. याले पाहिलं असंन अन् पळाला असंन."

परतताना ते गाडीत पुढं बसले आणि बोलायचं थांबेनात. मान मोकळी होती ना, म्हणून पळता आलं. पट्टा असता तर ठाणेदाराला वाटलं असतं आपण जिंकू, आणि तो उभा राहिला असता. अंगावर पट्टा नाही म्हटल्यावर शहाणा झाला. घाबरलेला कुत्रा वाट पाहत नाही, पळत सुटतो. रात्रभर पळाला असेल, उजाडलं तेव्हा अनोळखी गाव असेल. पावसानं वास धुतलेला, परतायचं कसं?

कुलदीपला वाटलं, म्हातारा अपमान गिळायला हे बोलतो आहे. चांगल्या मनाचा आहे तो. त्यानं गाडी हळू केली.

"आबाजी, त्या लोकांच्या नादी नका लागू," तो म्हणाला. "तुमचा ठाणेदार लढल्याशिवाय राहिला नसंन. इतके महिने झाले, जखमा भरून येते. केस बी येते वरून."

"नाई लढला."

"एवढा दमदार कुत्रा, आबाजी..."

"नाई लढला म्हनतो न मी." मामाजींचा बारीक आवाज चिरला. "तूच म्हने न कुत्र्याजवळ एकच तोंड हाय म्हनून? मंग कायले लढन तो? भेकड होता. फटाक्याले भ्याचा. तुह्या कुत्र्यासारखाच होता."

ठाणेदार कधी फटाक्याला भ्यायला नव्हता. कुलदीपनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. नंतर म्हणाला, "हो आबाजी. पळालाच असंन. मोठे कुत्रे दिसाले दमदार असते, पन लय भित्रे." आणि त्यानं आपल्या रॉटवायलरच्या भित्रेपणाच्या गोष्टी सुरू केल्या, एकामागून एक, काही तर मला वाटतं त्यानं जागीच रचल्या. मामाजी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. टपरीवरचा तो एवढा जुना वाद, दोघं आता एकाच बाजूनं बोलत होते, आणि ठाणेदाराच्या बाजूनं लढायला कोणीच उरलं नव्हतं.

बिबट गळा धरतो तेव्हा कुत्र्याला चावायची सवड मिळत नाही. निघताना हिरामण नाकेदारांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं होतं, कोरं अंग पाहून म्हाताऱ्यानं भलती आशा धरू नये म्हणून. मी ते गाडीत बोलले नाही. पुढंही बोलले नाही.

गाडी धुऱ्याशी लावून आम्ही अंगणात आलो. मामाजींनी खाट टाकली आणि मला म्हणाले, तुमच्या फोनवर ते गावागावचे ग्रुप आहेत ना, त्यात टाका. मी म्हटलं, सांगा, लिहिते. हरवल्यापासून असं काही टाकायला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. बिबटाच्या मागं गेलेल्या कुत्र्याचा पत्ता कोणाला विचारायचा? आता तो पळालेला होता, म्हणजे कुठंतरी पोचलेला होता. सावरगाव, पांढुर्णा, रेल्वेलाइन धरून काय सांगावं, इटारसीही.

मी लिहू लागले. रंग, उंची, एक कान पडलेला. मान पिवळी, असं त्यांनी सांगितलं, मग स्वतःच म्हणाले की आता उतरली असेल हळद. फोटो होता, पोळ्याचाच, माळ घातलेला. तो जोडला.

"लिहा, का तो भित्रा हाय," ते म्हणाले. "त्याच्यावर जोरानं ओरडू नका म्हना. काठी दाखवू नका."

लिहिलं.

"अन् कोनाच्या घरी राहिला असंन त राहू द्या म्हना. मी न्याले नाई येत. फक्त हाय एवढं सांगा."

ते माझ्याकडं नाही, फोनकडं पाहत होते. मी तेही लिहिलं आणि सगळं त्यांना वाचून दाखवलं. दारात मामीजी पिठाच्या हातानं उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

"ते खोडा, सूनबाई," त्या म्हणाल्या.

"काय वं?"

"न्याले नाई येत म्हने. तुमाले येनं होत नसंन त नका येऊ. सूनबाई, लिहा, का मी येतो न्याले. कुठीबी असो. बस नाई जात असंन तिथं त पायी येतो म्हना."

मामाजींनी मान खाली घातली. मी ती ओळ पुसली, मामीजींनी सांगितली तशी दुसरी लिहिली, आणि नंबर कोणाचा देऊ म्हणून विचारलं. मामीजी म्हणाल्या, "माहा द्या. याईचा फोन वाजला त याईले ऐकू येत नाई."